पाण्याच्या थकबाकीवर टोमॅटोची जकात

चैत्र सरता सरता आमच्या दूधगंगेचं नदीपण संपतं. वाळूतून एक बारीक धार वाहते आणि पुढं डबक्यात जाऊन थांबते. काठावरच्या मोटरींना आधी एक पाईप वाढवतात, मग दुसरा, आणि तेही पुरेनासं झालं की माणसं फावडी घेऊन पात्रात उतरतात आणि डबक्यापासून फूट व्हॉल्व्हपर्यंत चर मारतात. असाच चर मारताना शेजारच्या आण्णांनी विचारलं, "ते अमेरिकावाल्यानं पाणी दिलं न्हाई म्हणून टोमॅटोवर जकात लावतो म्हटलं हुतं, त्येचं पुढं काय झालं? आनि आपल्याला का लावता येत न्हाई वरच्यांवर?"

एका दमात दोन प्रश्न. वरचे म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा महाराष्ट्र, आम्ही खाली कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. फावड्याला टेकून उत्तर द्यावं इतकी ती सोपी नव्हती, म्हणून इथं लिहितो.

आधी अमेरिकेचं. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामध्ये रिओ ग्रांदे नावाची नदी आहे. टेक्सास राज्याची सगळी दक्षिण सीमा हीच नदी. गंमत अशी, की या नदीच्या खालच्या भागात येणारं पाणी बरंचसं मेक्सिकोच्या डोंगरांतून, कोंचोस नावाच्या उपनदीतून येतं. दुसरी नदी कोलोरॅडो. ती अमेरिकेतून मेक्सिकोत जाते. म्हणजे एका नदीवर हा वरचा आणि दुसऱ्या नदीवर तो वरचा. ३ फेब्रुवारी १९४४ रोजी दोघांनी करार केला. अमेरिकेने कोलोरॅडोतून दरवर्षी १५ लाख एकर-फूट पाणी द्यायचं, आणि मेक्सिकोने सहा ठरलेल्या उपनद्यांतून रिओ ग्रांदेत वर्षाला सरासरी साडेतीन लाख एकर-फूट सोडायचं. हिशोब मात्र वर्षाचा नाही, पाच वर्षांचा. पाच वर्षांत साडेसतरा लाख.

एकर-फूट म्हणजे चाळीस गुंठ्यांत एक फूट उभं पाणी. आपल्याला टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटाची सवय, तर एका टीएमसीत सुमारे २३ हजार एकर-फूट बसतात. त्या मापाने मेक्सिकोचं देणं पाच वर्षांत ७६ टीएमसी होतं, म्हणजे आपलं हिडकल धरण दीड वेळा भरेल एवढं. वर्षाला १५ टीएमसीच्या वर थोडं. उलट बाजूने अमेरिका वर्षाला ६५ टीएमसी देते. हा चौपटीहून मोठा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता या करारातली खरी गोम. ज्यांनी सोसायटीचं पीककर्ज काढलंय त्यांना ती लगेच समजेल. मार्च आला की आपण काय करतो? जुनं भरल्यासारखं करून नवं उचलतो, म्हणजे नवं-जुनं. कर्ज फिटत नाही, फक्त पुढं सरकतं. करारातही तसंच कलम आहे. 'असाधारण दुष्काळ' पडला तर पाच वर्षांची तूट पुढच्या पाच वर्षांत भरून द्यायची मुभा. असाधारण म्हणजे नेमका किती, ते करारात लिहिलेलंच नाही. मग मेक्सिको पहिली चार वर्षं हात आखडता ठेवतो आणि शेवटच्या वर्षी एखादं वादळ येऊन धरणं भरतील या भरवशावर बसतो. आपण परतीच्या पावसावर बसतो, तसाच. वादळ आलं तर फिटलं, नाही आलं तर नवं-जुनं. शिवाय थकबाकी राहिली तर दंड किती, हेही करारात नाही. दोन्ही देशांचा एक संयुक्त आयोग आहे. तो पाणी मोजतो, बैठका घेतो, ठराव करतो. वसुली अधिकारी मात्र त्याच्याकडे नाही.

यात वाईट कोण, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. वरच्या चिवावा राज्यातले शेतकरी त्याच पाण्यावर पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा), मिरची आणि लसूणघास पिकवतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपत आली, केंद्र सरकारने ला बोकिया धरणातून पाणी सोडायला घेतलं, तेव्हा हेच शेतकरी काठ्या-दगड घेऊन धरणावर चालून गेले आणि तिथल्या सैनिकांना हुसकावून धरण त्यांनी ताब्यात घेतलं. त्या संघर्षात एक शेतकरी बाई गोळीबारात गेली. खाली टेक्सासमध्ये काय झालं? तिथं ऊस होता. शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना होता, राज्यातला शेवटचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बंद झाला आणि पाणी नाही हे कारण त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पाचशेच्या वर माणसांचं काम गेलं. कारखाना गेला की ऊस लावून करायचं काय? एकदा सरी मोडली की ती पुन्हा धरली जात नाही, हे चिकोडी-अथणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पाच वर्षांची पाळी ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि मेक्सिकोकडून निम्म्याच्या आसपासच पाणी आलेलं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, की वर्ष संपायच्या आत दोन लाख एकर-फूट सोडा, नाहीतर मेक्सिकोच्या मालावर ५ टक्के ज्यादा जकात. थकबाकी आठ लाखांच्या वर, म्हणजे सुमारे ३५ टीएमसी, असं त्यांचं म्हणणं. चार-पाच दिवसांत तडजोड झाली आणि मेक्सिकोने २ लाख २ हजार एकर-फूट सोडायचं कबूल केलं. आपल्या मापाने ८.८ टीएमसी, हिडकलचा सहावा हिस्सा.

"मग लागू पडलं की औषध!" आण्णा म्हणाले.

पडलं, पण कुणाला आणि किती, ते बघू. जकात कशी चालते हे नीट कळलं तर हे कोडं सुटतं. शंभर रुपयांचा टोमॅटो सीमेवर आला आणि पाच टक्के जकात बसली, तर ते पाच रुपये मेक्सिकोचं सरकार भरत नाही, तिथला शेतकरीही भरत नाही. भरतो अमेरिकेतला माल मागवणारा व्यापारी. मग तो काय करतो? एकतर गिऱ्हाइकाकडून काढतो, नाहीतर मेक्सिकोच्या शेतकऱ्याला "तू भाव उतरव" म्हणतो, नाहीतर थोडं इकडून थोडं तिकडून. दुखतं ते या शेवटच्या दोन वाटांनी. पण दुखतं कुणाला? मेक्सिकोतला निर्यातीचा टोमॅटो मुख्यतः सिनालोआ राज्यातला. त्या शेतकऱ्याने कोंचोसचं थेंबभर पाणी अडवलेलं नाही. मोटारींच्या कारखान्यातला कामगार तर नदीच्या वाटेलाही गेलेला नाही. पाणी ज्याच्या हातात, तो चिवावातला पेकानवाला. त्याच्यापर्यंत हा दाब पोचायचा तर आधी निर्यातदार ओरडणार, मग त्यांची राजधानी हलणार, मग जलखातं, मग धरणावरचा माणूस, आणि शेवटी दारं उघडणार. लांब पाईपलाईनीत प्रेशर कसं मरत जातं, तसं प्रत्येक सांध्यावर थोडं मरतं.

तरीही थोडं पोचलं, कारण मेक्सिकोच्या एकूण निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल एकट्या अमेरिकेला जातो. एकच गिऱ्हाईक असलं की त्याची धमकीसुद्धा पुरते. गिऱ्हाइकं चार असती तर मेक्सिको बघून घेऊ म्हणाला असता. आणि धमकीने आलं ते धरणात होतं तेवढंच. मेक्सिकोच्या अध्यक्षांनी तेव्हाही तेच सांगितलं, की आधी दुष्काळ, आणि त्यात ठरावीक दिवसांत किती पाणी वाहून नेता येतं यालाही मर्यादा असते. जकातीच्या भीतीने कुणी पाऊस पाडू शकत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. जागतिक व्यापार संघटनेचा मूळ नियमच असा, की एका सदस्याच्या मालाला एक दर आणि दुसऱ्याच्या तशाच मालाला वेगळा, असं करायचं नाही. अपवाद आहेत, पण 'आमचं पाणी राहिलंय' हा त्यात सहज बसणारा नाही. शिवाय अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा २०२० पासून स्वतःचा व्यापार करार आहे. मोठा देश हे नियम वाकवतो. लहान देशाने असं केलं तर त्याच्यावरच उलटी जकात बसेल. आणि तो मघाचा आकडा आठवा. अमेरिका मेक्सिकोला देते ते पाणी मेक्सिकोच्या देण्याच्या चौपटीहून जास्त आहे. खरी चावी जकातीत नाही, तिथं आहे. मार्च २०२५ मध्ये तिजुआना शहरासाठी कोलोरॅडोचं जादा पाणी मेक्सिकोने मागितलं, तेव्हा अमेरिकेने ते नाकारलं. पाण्याला पाणी लावण्याचा तो प्रकार होता. टोमॅटोच्या बातमीपुढं त्याचा गाजावाजा फार झाला नाही, पण मला जास्त महत्त्वाचा तोच वाटतो.

(सिंधूचं उदाहरण इथं हमखास कुणीतरी काढतं. तिथं प्रकार उलटा आहे. १९६० चा सिंधू करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला तो दहशतवादी हल्ल्यानंतर. भांडण दुसरंच, पाणी हे हत्यार. रिओ ग्रांदेवर भांडण पाण्याचं आणि हत्यार व्यापाराचं. दोन्ही एका पोत्यात घालू नयेत.)

आता आण्णांचा दुसरा प्रश्न. वर महाराष्ट्र, खाली आम्ही कर्नाटकात. कोल्हापूरच्या गुळावर सीमेवरच्या कोगनोळीला नाका बसवून 'पाणी सोडा, मग गूळ सोडतो' असं का म्हणता येत नाही?

कारण राज्यघटना. कलम ३०१ सांगतं, की भारतभर व्यापार आणि दळणवळण मोकळं राहील. पुढचं कलम ३०४ राज्याला बाहेरच्या मालावर कर बसवू देतं, पण आपल्या राज्यात तयार होणाऱ्या तशाच मालावर जेवढा, तेवढाच. म्हणजे कागलच्या गुळाला एक दर आणि संकेश्वरच्या गुळाला दुसरा, हे चालणार नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रवेशकर, जकात हे सगळंच त्यात विरघळलं. जुने जकात नाके आता फक्त आमच्या बोलण्यात उरलेत.

बरं, कायदा बाजूला ठेवू आणि असं केलं तर काय होईल ते बघू. त्याची चव आपण घेतलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस न्यायला बंदी घालणारा आदेश काढला. बंदी कुणाला लागली? शिरोळ, हातकणंगले, कागलच्या शेतकऱ्याला. त्याचा ऊस आमच्या बाजूच्या कारखान्यांना जातो, कारण कधी तोड लवकर मिळते, कधी दर चार पैसे जास्त. ओरड झाली आणि आदेश लवकरच मागे घ्यावा लागला. सीमेवरच्या निम्म्या घरांचं रान दोन्हीकडं असतं, एका रानाचा सातबारा मराठीत आणि दुसऱ्याचा उतारा कन्नडमध्ये. नाका बसला तर बाप इकडचा आणि ऊस तिकडचा, असं व्हायचं. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसट्या थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या होत्या. बंगळूर-मुंबईला बसलेल्यांना त्याने काय फरक पडतो? अडकतात ती निपाणीहून कोल्हापूर-मिरजेला दवाखान्याला निघालेली माणसं.

आणि आपण नेहमी खालचेच असतो असंही नाही. याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, म्हादई उगम पावते आणि गोव्यात उतरते. तिथं आम्ही वरचे. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, यावरून गोव्याशी कित्येक वर्षांचं भांडण. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं वळवायला ३.९. गोवा या ३.९ लाही राजी नाही. आता बघा, कळशाचं काम ज्या कणकुंबीला आहे, त्याच कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. कोबी, फ्लॉवर, मिरची, गाजर. पहाटे गाड्या त्या कालव्याच्या कामाजवळून जातात. उद्या कुणी म्हणालं, की गोवा पाणी वळवू देत नाही तर भाजी तोडा, तर गोव्याची भाजी चार दिवस महागेल, मग दुसरीकडून येईल. कोबी कुजेल तो बेळगावभोवतालच्या शेतकऱ्याचा. त्याचा मलप्रभेच्या पाण्याशी काडीचा संबंध नाही. सिनालोआचा टोमॅटोवाला आणि आमचा कोबीवाला एकाच नावेत बसलेत.

मग आमच्या नदीला एप्रिलमध्ये पाणी यावं म्हणून काय आहे? लोकांना वाटतं की कृष्णेच्या पाण्याच्या लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी वाटून दिलंय, म्हणजे आमचे ७०० वरून यायलाच हवेत. हा गैरसमज आहे आणि तो मोठा आहे. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये घातली ती वापराची मर्यादा. महाराष्ट्राने वर्षात याहून जास्त वापरू नये, एवढंच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कृष्णेवरच्या, सीमेजवळच्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली अमुक पाणी सोडलंच पाहिजे, असं त्यात नाही. वर्षाच्या हिशोबात महाराष्ट्र बरोबर असू शकतो आणि त्याच वेळी आमचा खोडवा वाळत असू शकतो.

कावेरीचं तसं नाही. तिथं बिळिगुंडलू या ठिकाणी तमिळनाडूसाठी किती पाणी मोजून जायचं, ते महिन्यामहिन्याने ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये वर्षाचा आकडा १७७.२५ टीएमसी केला आणि देखरेखीला प्राधिकरण बसवलं. भांडणं तिथंही होतात, आमच्यापेक्षा मोठी होतात, पण कशावर भांडायचं तो आकडा तरी आहे. शिवाय लवादाचा निवाडा राजपत्रात आला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाचं बळ येतं, हे १९५६ च्या कायद्यातच आहे. कृष्णेचा दुसरा निवाडा २०१० आणि २०१३ मध्ये झाला, पण न्यायालयातल्या वादांमुळे तो राजपत्रात येऊन लागू व्हायचं रखडलं.

त्यामुळं दर उन्हाळ्यात पत्रं जातात. ३१ मार्च २०२५ ला कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राला लिहिलं, की वारणा-कोयनेतून कृष्णेत २ आणि उजनीतून भीमेत १ टीएमसी सोडा. हे हक्काचं पत्र नाही, विनंतीचं आहे. आणि समजा दोन टीएमसी सुटले, तर पोचतात किती? वाटेत तापलेली वाळू आधी आपलं पोट भरते. मग सांगली, म्हैसाळ, शिरोळ, दोन्ही काठांवर हजारो मोटरी. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले. वर उपसाबंदी लावली तर पाणी चालतं, नाही लावली तर नदी सरकतच नाही. कोयना १०५ टीएमसीची, आणि त्यातलं ६७.५ टीएमसी वीज करून कोकणात उतरतं, हे दुखणं आमच्याकडच्या प्रत्येक बैठकीत निघतं. त्यात तथ्य आहे, पण एप्रिलच्या दुपारी त्याचा उपयोग नाही.

उपयोगाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पूर्वी कर्नाटक पैसे मोजून उन्हाळ्यात पाणी घ्यायचं. पुढं २०१९ च्या सुमारास महाराष्ट्र म्हणू लागला की पैसे नकोत, पाण्याला पाणी द्या. आम्ही कोयनेतून बेळगावला देतो, तुम्ही तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून जत आणि अक्कलकोटला द्या. जतचा पूर्व भाग सांगली जिल्ह्यात, पण त्याला जवळचं पाणी कर्नाटकाचं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादाच्या गरमागरमीत कर्नाटकाने त्या योजनेचं पाणी जतच्या बाजूला सोडलं होतं. हेतू राजकारणाचा असेल, पण पाणी जाऊ शकतं हे त्याने दिसलं. कायमचा लेखी करार मात्र अजून नाही. १९४४ च्या कराराला ऐंशी वर्षं टिकवणारी गोष्ट हीच होती, की दोघांच्याही हातात एकेक व्हॉल्व्ह आहे. आमच्याकडे दोन्ही व्हॉल्व्ह आहेत, कागद नाही. तो कागद झालाच तर त्यात तीन गोष्टी हव्यात, असं माझं मत. पाणी सोडायचा आठवडा, मोजायची जागा आणि वाटेतल्या उपसाबंदीची जबाबदारी. हिशोब पाच वर्षांचा तर अजिबात नको. महिन्याचा हवा, नाहीतर नवं-जुनं ठरलेलं.

आण्णांना हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही, तुकड्यातुकड्याने सांगितलं. मधल्या काळात दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून आमच्या वाट्याचं पाणी सुटल्याची बातमी आली आणि चौथ्या दिवशी रात्री नदीचा आवाज आला. थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती. काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, आण्णांची साडेसात एचपीची आणि माझीही. गावच्या बंधाऱ्याला पोरांनी संध्याकाळीच बरगे घालून ठेवले होते.

सकाळी खालच्या गावची चार माणसं मोटरसायकलवर आली. बंधाऱ्यावर उभी राहून पलीकडच्या कोरड्या पात्राकडे बघत होती. त्यातल्या एकाने आण्णांना विचारलं, "आण्णा, बरगं कवा काढतायसा?"

"काढतो की," आण्णा म्हणाले. "तेवढी कडंची दोन एकर भिजू दे."